तीन चाकांची मोटार: ती उलटते का, आणि तरीही पुन्हा पुन्हा का येते?

ॲप्टेरा या अमेरिकी कंपनीच्या गाडीचे व्हिडिओ एव्हाना बहुतेकांच्या फोनवर येऊन गेले असतील. पुढून रुंद, मागे निमुळती होत गेलेली, अंगावर सौर पॅनेल बसवलेली दोन आसनांची मोटार. कंपनीचा दावा असा की लख्ख उन्हाच्या दिवशी ही गाडी चार्जरला न लावता, नुसत्या उन्हावर सुमारे ६४ किलोमीटर जाईल. या दाव्याइतकंच लक्ष वेधून घेतात तिची चाकं. पुढे दोन आणि मागे एकच.

ते पाहून दोन प्रश्न हमखास पडतात. चौथं चाक का काढलं? आणि वळणावर ही उलटणार नाही का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. थोडा धीर धरून वाचलं की ते कायमचं कळतं. पहिल्याचं उत्तर मात्र पुष्कळदा अभियंत्यांकडे नसतं, करखात्याकडे असतं. तीनचाकी मोटारीच्या इतिहासात करांनी आणि परवान्यांनी जेवढी उलथापालथ केली तेवढी इंजिनांनीसुद्धा केली नाही, असं माझं ठाम मत आहे. तिच्या भविष्याबद्दल बोलताना नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.

## पहिली मोटार तीन चाकांचीच होती

१७६९-७० च्या सुमारास निकोला-जोसेफ क्यून्यो या फ्रेंच लष्करी अभियंत्यानं तोफा ओढण्यासाठी वाफेवर चालणारा गाडा बनवला. त्याला तीन चाकं होती आणि अवजड बॉयलर थेट पुढच्या एकट्या चाकाच्या पुढे टांगलेला होता. त्यांचा एक गाडा आजही पॅरिसच्या संग्रहालयात जपून ठेवलेला आहे.

त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी, २९ जानेवारी १८८६ रोजी, कार्ल बेंझ यांनी जर्मनीत पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. आधुनिक मोटारीचा जन्म याच तारखेपासून मोजतात. तिचं इंजिन एका अश्वशक्तीपेक्षाही कमी ताकदीचं होतं, आणि चाकं तीन. १८८८ च्या ऑगस्टमध्ये कार्ल यांच्या पत्नी बर्टा बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन याच धाटणीच्या गाडीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेल्या. शंभरेक किलोमीटरचं ते अंतर म्हणजे मोटारीचा पहिला लांबचा प्रवास.

बेंझ यांनी तीन चाकं निवडली त्याचं कारण स्टिअरिंग. गाडी वळते तेव्हा आतल्या बाजूचं चाक लहान वर्तुळावर फिरतं आणि बाहेरचं मोठ्या वर्तुळावर. त्यामुळे पुढची दोन्ही चाकं एकाच कोनात वळवली तर एक तरी चाक रस्त्यावर फरफटतं. दोघांना वेगवेगळ्या कोनांत वळवणारी जोडणी हवी. घोडागाड्यांसाठी अशी जोडणी म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर यांनी शोधली होती, आणि १८१८ मध्ये रुडॉल्फ आकरमान यांनी लंडनमध्ये तिचं पेटंटही घेतलं होतं. पण बेंझ यांना मोटारीसाठी मनासारखी रचना जमत नव्हती. पुढे एकच चाक ठेवलं की हा प्रश्नच उरत नाही, म्हणून त्यांनी तसं केलं. १८९३ मध्ये चार चाकांसाठीच्या स्टिअरिंगचं पेटंट त्यांच्या हाती आलं आणि त्यांची 'व्हिक्टोरिया' ही मोटार चार चाकांवर उभी राहिली.

म्हणजे ते पहिलं तिसरं चाक ही तात्पुरती सोय होती. अडचण सुटल्याबरोबर ती गेली.

## तिपाई डुगडुगत नाही, पण कलंडते

फरशी उंचसखल असली तरी तिपाई कधी डुगडुगत नाही. तिचे तिन्ही पाय एकाच वेळी जमिनीला टेकलेले असतात. चार पायांच्या स्टुलाखाली मात्र कागदाची घडी सारावी लागते. मोटारीचंही असंच आहे. तीन चाकं खडबडीत रस्त्यावर आपोआप टेकलेली राहतात, सांगाड्याला पीळ बसत नाही, त्यामुळे सांगाडा हलका करता येतो. तीन चाकांचा हा खरा, भौतिकशास्त्रातला फायदा आहे.

त्याच तिपाईच्या कडेवर, दोन पायांच्या मधल्या जागी, हाताचा जोर दिला की ती पटकन कलंडते. हा तोटाही तितकाच खरा आहे.

आता हेच आकड्यांत पाहू. त्यासाठी एकच संज्ञा लागेल: गुरुत्वमध्य. गाडीचं सगळं वजन एकाच बिंदूत एकवटलं आहे असं मानलं तर तो बिंदू. वळणावर गाडीला बाहेर ढकलणारा जोर याच बिंदूवर लागतो असं धरायचं. हा बिंदू जितका उंच तितकी गाडी उलटायला सोपी, आणि चाकांना जोडणाऱ्या बाहेरच्या रेषेपासून तो जितका आत तितकी उलटायला कठीण.

समजा डाव्या आणि उजव्या चाकांमधलं अंतर १.४ मीटर आहे आणि गुरुत्वमध्य रस्त्यापासून अर्धा मीटर उंच. चार चाकांच्या गाडीत हा बिंदू कडेपासून ०.७ मीटर आत असतो. ०.७ ला ०.५ नं भागलं की १.४ येतात. याचा अर्थ, बाजूला ढकलणारा जोर गाडीच्या वजनाच्या १.४ पट होईपर्यंत ती उलटणार नाही. कोरड्या डांबरावर साध्या टायरची पकड वजनाच्या ०.८ ते ०.९ पटीच्या आसपास संपते. म्हणून चारचाकी आधी घसरते. घसरणं वाईटच, पण ते उलटण्यापेक्षा पुष्कळ बरं.

आता एक चाक काढा. चाकं जोडणारी आकृती त्रिकोण झाली. गुरुत्वमध्य गाडीच्या लांबीच्या बरोबर मध्यावर असेल तर तिथे त्रिकोणाची रुंदी निम्मीच उरते. कडेपर्यंतचं अंतर ०.३५ मीटर, भागाकार ०.७. टायर घसरण्याआधीच गाडी उलटली! ज्यांना तीनचाकी म्हटली की भीती वाटते त्यांची भीती इथे बरोबर ठरते.

पण गणित इथेच सोडायचं नाही. वजन जोडचाकांच्या बाजूला सरकवा, इतकं की गुरुत्वमध्य एकट्या चाकापासून लांबीच्या तीन-चतुर्थांश अंतरावर येईल. मग कडेपर्यंतचं अंतर ०.५२५ मीटर होतं. गाडी बुटकी करून गुरुत्वमध्याची उंची ४० सेंटिमीटरवर आणा. आता भागाकार १.३ च्या पुढे जातो, जवळजवळ त्या चारचाकीइतका. त्याच तीन चाकांवर, तेवढ्याच रुंदीत, ही गाडी उलटण्याआधी घसरेल.

तेव्हा 'तीनचाकी उलटते का' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. वजन कुठे आहे आणि किती उंचावर आहे, हे पाहावं लागतं. यावर कुणी म्हणेल, हे सगळं कागदावर ठीक आहे, पण रिक्षा वर्षानुवर्षं तीन चाकांवर धावतात, त्यांच्यासाठी कोण एवढी गणितं करतं? तिथे मदतीला येतो कमी वेग. वळणावरचा जोर वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो. २० मीटर त्रिज्येचं वळण ताशी २५ किलोमीटरनं घेतलं तर हा जोर वजनाच्या पाव पट असतो. तेच वळण ४० नं घेतलं तर तो ०.६३ पट होतो. शहरातल्या संथ वाहतुकीत जी रचना चालून जाते तीच महामार्गाच्या वेगात घातक ठरते, त्यामागे एवढंच कारण आहे.

## एकटं चाक पुढे की मागे?

इथे जोडचाकांची जागा महत्त्वाची होते. पुढे एक आणि मागे दोन चाकं असतील तर अभियंते त्या रचनेला डेल्टा म्हणतात. पुढे दोन, मागे एक असेल तर टॅडपोल. यापुढे मी साधेपणानं 'पुढे एक' आणि 'पुढे दोन' असंच म्हणेन.

वळणावर माणूस घाबरतो तेव्हा काय करतो? ब्रेक दाबतो. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं. 'पुढे एक' रचनेत ते त्रिकोणाच्या अरुंद टोकाकडे जातं, म्हणजे आधाराची सगळ्यात जास्त गरज असताना आधार सगळ्यात कमी. 'पुढे दोन' रचनेत ते रुंद बाजूकडे जातं आणि गाडी आणखी घट्ट बसते. शिवाय ब्रेकचं बहुतेक काम पुढच्या टायरना करावं लागतं, तेव्हा पुढे दोन टायर असणं केव्हाही चांगलं.

'पुढे दोन' मध्येही खोट आहे. मागचं एकटं चाक इंजिनाला जोडलेलं असेल तर जोरात वेग घेताना, विशेषतः ओल्या रस्त्यावर, ते सटकू शकतं. ते फुटलं तर मागची बाजू सांभाळायला दुसरं चाक नसतं. हे धोके खरे आहेत. तरीही दोन्हींत निवड करायची तर वेगानं जायच्या गाडीसाठी 'पुढे दोन' हीच रचना योग्य, यात मला शंका नाही.

मग 'पुढे एक' च्या मोटारी इतक्या वर्षं का बनल्या? त्यात मागे रुंद, चौकोनी जागा मिळते. माणसं बसतात, माल मावतो. तीनचाकी टेम्पोंना आणि रिक्षांना हेच हवं असतं. मोटारींना ते का परवडलं, हे कळायला ब्रिटनमध्ये जावं लागतं.

## ब्रिटन: कर वाचवणारं चाक

एच. एफ. एस. मॉर्गन यांनी वूस्टरशायरमधल्या मॉल्व्हर्नला १९०९ मध्ये पहिली तीनचाकी बनवली आणि पुढच्या वर्षी लंडनच्या ऑलिम्पिया प्रदर्शनात मांडली. पुढे दोन चाकं, त्यांच्यासमोर उघडं दोन सिलिंडरचं मोटरसायकलचं इंजिन, मागच्या एका चाकाला साखळीनं दिलेली गती. एकच चाक फिरवायचं असल्यामुळे डिफरन्शियलची, म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणाऱ्या दातेरी यंत्रणेची, गरज नव्हती. गाडी हलकी, स्वस्त आणि चपळ होती. १९१३ मध्ये फ्रान्समधल्या आमियांच्या सायकलकार (मोटरसायकल आणि मोटार यांच्या मधल्या हलक्या, स्वस्त गाड्या) शर्यतीत मॉर्गननं बाजी मारली. रचना म्हणून ही गाडी उत्तमच होती, आणि मला ती आजही फार आवडते.

पुढे तिला सरकारनंही हात दिला. १९२१ पासून ब्रिटनमध्ये मोटारीला दर अश्वशक्तीमागे वर्षाला एक पौंड कर द्यावा लागे. वजनानं हलक्या तीनचाकीला मात्र सरसकट चार पौंड पुरत. तिसऱ्या चाकाला आता यंत्रापलीकडचं कारण मिळालं होतं.

त्याच्या पुढच्याच वर्षी ऑस्टिन सेव्हन आली. चार चाकं, चार सिलिंडर, आणि तरी सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातली. छोट्या सायकलकार बनवणारे कारखाने एकेक करून बंद पडले. १९३५ मध्ये मोटारींवरचा कर अश्वशक्तीला १५ शिलिंगांवर, म्हणजे पाऊण पौंडावर आला आणि तीनचाकीची बचत आणखी घटली. त्याच सुमारास रॅली या सायकलींच्या कंपनीनं तीनचाकी मोटारींतून अंग काढलं. १९३६ मध्ये खुद्द मॉर्गननंही चारचाकी आणली.

रॅलीतून बाहेर पडलेल्या टॉम विल्यम्स यांनी मात्र वेगळं ठरवलं. टॅमवर्थला त्यांनी रिलायंट ही कंपनी काढली. आधी तीनचाकी मालगाड्या, मग १९५३ पासून 'रीगल' मोटार आणि १९७३ मध्ये 'रॉबिन'.

या गाड्यांची गुणसूत्रं कायद्यात आहेत. रिकाम्या गाडीचं वजन ८ हंड्रेडवेट, म्हणजे साधारण ४०६ किलोच्या आत असलं तर ती तीनचाकी सवलतींना पात्र ठरे. कर कमी, आणि मोटरसायकलच्या परवान्यावर चालवायला मुभा. ज्या कामगाराकडे मोटरसायकलचा परवाना होता पण मोटारीचा नव्हता, त्याला बायकामुलांसह छपराखाली बसून जायचा हाच एक मार्ग होता. वजन मर्यादेत ठेवायचं म्हणून रिलायंटनं लोखंडी पत्र्याऐवजी फायबरग्लास वापरला आणि १९६० च्या दशकात स्वतःचं हलकं ॲल्युमिनियमचं इंजिन बनवलं. त्याहून विचित्र गोष्ट म्हणजे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मोटरसायकलच्या परवान्यावर चालवायच्या तीनचाकीला रिव्हर्स गिअर असून चालत नसे. कायद्यात बसावं म्हणून गाडी मागे घ्यायची सोय काढून टाकलेली असे.

वजन आणि कर यांचा विचार करताना तोल मागे पडला. मागच्या बाकावर कुटुंब बसवायचं होतं म्हणून 'पुढे एक' रचना, आणि इंजिन पुढे, म्हणजे त्रिकोणाच्या अरुंद बाजूला. आपण वर केलेल्या गणितात नको ती बाजू. अशी गाडी १३० च्या वेगापर्यंत जाऊ शकत होती. ती चालवणारे लोक तिची मर्यादा ओळखून चालवत आणि पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर प्रेम करत, हेही सांगायला हवं.

तिच्या बदनामीत टीव्हीचा वाटा मोठा आहे. २०१० मध्ये एका ब्रिटिश मोटार-कार्यक्रमात रॉबिन प्रत्येक वळणावर उलटताना दाखवली आणि ती दृश्यं जगभर पोचली. सूत्रसंचालकानं २०१६ मध्ये स्वतःच लिहिलं की गाडी उलटावी म्हणून तिच्या डिफरन्शियलमध्ये बदल करून घेतला होता. त्यामुळे ते दृश्य पुरावा म्हणून पुढे करू नये. गणित पुरेसं आहे, आणि ते एवढंच सांगतं की रॉबिन सावकाश वळवायची गाडी होती.

२००१ मध्ये रिलायंटनं रॉबिन बनवणं थांबवलं.

## बबल कार आणि एक मोठा धडा

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात पैसा नव्हता, पेट्रोल नव्हतं, पण पावसात भिजत स्कूटरवर जायचा कंटाळा होता. जर्मनीत फ्रिट्झ फेंड यांनी युद्धात अपंग झालेल्या सैनिकांसाठी लहान तीनचाकी बनवली होती. मेसरश्मिट कंपनीला विमानं बनवायला बंदी होती, तिचा कारखाना रिकामा होता. दोघांच्या गरजा जुळल्या आणि १९५३ मध्ये केआर१७५, मग १९५५ मध्ये केआर२०० बाजारात आली. एकामागे एक दोन आसनं, वर पारदर्शक घुमट, पुढे दोन चाकं आणि मागे एक. रिव्हर्ससाठी तिचं इंजिनच उलटं फिरवत, त्यामुळे सगळे गिअर मागच्या दिशेनंही चालत.

बीएमडब्ल्यूनं इटलीच्या इसो कंपनीकडून 'इझेटा' घेतली. दार थेट गाडीच्या नाकाला. तिला खरं तर चार चाकं होती, फक्त मागची दोन एकमेकांच्या अगदी जवळ. ब्रिटनमधल्या ब्रायटनला ती बनू लागली तेव्हा तिथल्या सवलतींसाठी मागे एकच चाक बसवलेली आवृत्ती काढली. ब्रिटनमध्ये चालक उजवीकडे बसतो आणि इझेटाचं इंजिनही उजवीकडेच, त्यामुळे तोल सावरायला डाव्या बाजूला वेगळं वजन घालावं लागलं. म्हणजे कर वाचवायला एक चाक काढलं आणि तोल जाऊ नये म्हणून जडशीळ वजन वर लादलं. कायद्यासाठी रचना वाकवली की काय होतं, याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

१९५६ च्या सुएझ कालव्याच्या पेचप्रसंगानंतर पेट्रोलची टंचाई झाली आणि या गाड्या, ज्यांना लोक बबल कार म्हणत, जोरात खपल्या. १९५९ मध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची 'मिनी' आली. चार माणसं, चार चाकं, छोटीशीच किंमत. १९६२ मध्ये ब्रिटिश सरकारनं मोटारींवरचा खरेदी कर २५ टक्क्यांवर, तीनचाकीच्या बरोबरीला आणला. केआर२०० १९६४ मध्ये संपली, ब्रिटनची बाँड मिनीकार १९६६ मध्ये.

ऑस्टिन सेव्हनच्या वेळी झालं तेच पुन्हा झालं. सवलतीवर उभी राहिलेली तीनचाकी, स्वस्त आणि चांगली चारचाकी समोर येताच मागे पडली.

## अमेरिकेतली स्वप्नं

अमेरिकेत करसवलतीपेक्षा स्वप्नं जास्त होती. बकमिन्स्टर फुलर यांनी १९३३ मध्ये 'डायमॅक्सियन' बनवली. थेंबाच्या आकाराची, लांबलचक, पुढच्या दोन चाकांनी ओढली जाणारी आणि मागच्या एका चाकानं वळणारी. हवा कापण्याबाबत ती काळाच्या पुढे होती. मागच्या चाकाचं स्टिअरिंग मात्र वेगात आणि आडव्या वाऱ्यात बेभरवशाचं होतं. त्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाबाहेर दुसऱ्या गाडीशी झालेल्या अपघातात तिचा चालक गेला. एकूण तीनच गाड्या बनल्या.

नंतरच्या कहाण्या पैशांच्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीस 'डेव्हिस डिव्हान' आणि १९७० च्या दशकात 'द डेल', दोन्हींचे प्रवर्तक फसवणुकीत दोषी ठरले. अलीकडे एलियो कंपनीनं ६८०० डॉलरमध्ये तीनचाकी देऊ म्हणून हजारो लोकांकडून आगाऊ पैसे घेतले. गाड्या ग्राहकांपर्यंत पोचल्याच नाहीत.

## मग आता पुन्हा कशासाठी?

विजेच्या मोटारीनं या गणितातल्या दोन गोष्टी बदलल्या.

पहिली म्हणजे वजनाची जागा. बॅटरी हा गाडीचा सगळ्यात जड भाग, आणि ती जमिनीलगत, पुढच्या जोडचाकांजवळ ठेवता येते. पेट्रोल इंजिन उंच असतं आणि जिथे मावेल तिथेच बसवावं लागतं. आपण वर कागदावर गुरुत्वमध्य खाली आणि पुढे सरकवला, ते आता प्रत्यक्षात सहज करता येतं. मोटर पुढच्या दोन चाकांना जोडली की मागचं चाक नुसतं मागोमाग येतं, त्यामुळे ते सटकण्याचा धोकाही कमी होतो.

दुसरी, आणि मला जास्त महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे हवा. ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गाडीची बरीचशी ऊर्जा हवा बाजूला सारण्यात जाते, आणि त्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाबरोबर वाढते. वेग दुप्पट तर ताकद आठपट. हवेतून सगळ्यात सहज सरकणारा आकार पुढे गोल, मागे निमुळता असतो. मागे दोन चाकं रुंद लावायची असली की असा आकार जमत नाही, एकच चाक असलं की तो आपसूक येतो. आकार हवेला किती अडवतो हे सांगणारा एक अंक असतो. नेहमीच्या मोटारींचा तो ०.२५ ते ०.३० असतो. ॲप्टेरा आपला ०.१३ असल्याचं सांगते.

आता उन्हाचा दावा तपासून पाहू. गाडीवर सुमारे ७०० वॉटची पॅनेलं आहेत असं कंपनी म्हणते. सहा तास भरपूर ऊन मिळालं तर ४.२ युनिट, म्हणजे ४२०० वॉट-तास वीज होते. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे गाडीला किलोमीटरमागे ६२ वॉट-तास लागत असतील तर तेवढ्यात जवळपास ६८ किलोमीटर होतात. म्हणजे दाव्याचं गणित जुळतं. तीच वीज नेहमीच्या विजेच्या मोटारीला दिली, जिला किलोमीटरमागे दीडशे ते दोनशे वॉट-तास लागतात, तर ती २१ ते २८ किलोमीटर जाईल. यात जादू पॅनेलची नाही, ती कमी खाणाऱ्या गाडीची आहे. कमी खाणाऱ्या गाडीला बॅटरीही लहान पुरते, आणि बॅटरी लहान झाली की वजन आणि किंमत दोन्ही उतरतात.

तिसऱ्या चाकाला इथे पहिल्यांदाच असं कारण मिळालंय जे कर बदलला तरी बदलत नाही. म्हणून मला या गाडीबद्दल आशा वाटते. गणित जुळणं आणि गाड्या कारखान्यातून नियमित बाहेर पडणं यांत मात्र मोठं अंतर असतं. ॲप्टेरा २०११ मध्ये एकदा बंद पडली होती, २०१९ मध्ये पुन्हा उभी राहिली, आणि २०२१ मध्ये गाड्या देण्याचा तिचा वायदा हुकला.

## एक चाक कमी म्हणजे घर्षण कमी, असं नाही का?

नाही. हा फार पसरलेला गैरसमज आहे. टायर लोळण्यात जी ऊर्जा जाते ती त्यांच्यावरच्या एकूण वजनावर अवलंबून असते. चौथं चाक काढलं तर त्याच्या वाट्याचं वजन उरलेल्या तिघांवर येतं. गाडी हलकी झाली तेवढाच फायदा.

उलट एक छोटी गैरसोय वाढते. चारचाकी रस्त्यावर दोन पट्ट्यांत चालते, तीनचाकी तीन पट्ट्यांत. मधोमध आलेला खड्डा चारचाकी दोन्ही बाजूंना चाकं ठेवून टाळते. तीनचाकीचं एकटं चाक त्यातच जातं.

## आणि अपघात झाला तर?

माझ्या मते सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे, आणि जाहिरातींमध्ये यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

अमेरिकेच्या संघीय नियमांत तीन किंवा त्याहून कमी चाकांची, बसायला आसन असलेली गाडी मोटरसायकल ठरते. तिला दारं, छप्पर, स्टिअरिंग व्हील काहीही असो. मोटारींना ज्या धडक-चाचण्या पार कराव्या लागतात आणि ज्या एअरबॅग बसवाव्या लागतात, त्यांची सक्ती तिला नाही. पुढे अनेक राज्यांनी अशा गाड्यांसाठी 'ऑटोसायकल' असा वेगळा वर्ग केला आणि त्या साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवायला परवानगी दिली. युरोपात त्या एल५ई या वर्गात येतात, तिथेही नियम मोटारींपेक्षा सैल आहेत.

म्हणजे आत बसणाऱ्याला ती मोटार वाटते, कायदा तिला मोटरसायकल समजतो. नव्या कंपन्यांना ही सूट हवीहवीशी असते, कारण चाचण्यांना प्रचंड पैसा लागतो. त्यांची अडचण मला समजते. पण मोटारीसारखी दिसणारी वस्तू विकत घेणाऱ्या कुटुंबाला ती मोटारीइतकी तपासलेली नाही हे ठळकपणे सांगितलं गेलंच पाहिजे. चांगल्या कंपन्या सक्ती नसताना धडक-चाचण्या करतील आणि निकाल जाहीर करतील, अशी अपेक्षा आपण ठेवायला हवी.

सध्या खपणाऱ्या तीनचाकी पाहिल्या तर पोलारिसची 'स्लिंगशॉट', मॉर्गनची २०२२ पासूनची 'सुपर ३' किंवा कॅन-ॲमची 'स्पायडर' या हौसेच्या गाड्या आहेत. त्या घेणाऱ्याला जोखीम ठाऊक असते. रोज मुलांना शाळेत सोडणाऱ्यासाठी निकष वेगळे हवेत.

## वळणावर झुकली तर?

अरुंद गाडी सायकलस्वारासारखी आत झुकली तर गुरुत्वमध्य वळणाच्या आतल्या बाजूला जातो आणि उलटायचा धोका घटतो. नेदरलँड्सच्या कार्व्हर कंपनीच्या गाडीत बसायचा भाग झुकतो, मागची जोडचाकं सरळ राहतात. टोयोटानं २०१३ मध्ये दाखवलेल्या आय-रोडमध्ये पुढची दोन चाकं खालीवर होऊन गाडी झुकत असे. कल्पना सुरेख आहे आणि अरुंद शहरी गाडीसाठी मला तीच सर्वांत योग्य वाटते. पण झुकवणारी यंत्रणा किंमत वाढवते, आणि तीनचाकीचा मुख्य आधार तर स्वस्ताईच असतो.

## घ्यायची झालीच तर

पहिलं पाहायचं ते जोडचाकं कुठे आहेत. महामार्गावर जायचं असेल तर ती पुढेच हवीत. बॅटरी किंवा इंजिन किती खाली आहे, आणि मागे माणसं किंवा सामान बसवल्यावर वजन एकट्या चाकाकडे किती सरकतं, हे विचारायचं. पाठीमागे उंच डिकी असलेली 'पुढे दोन' गाडी रिकामी असताना स्थिर आणि भरल्यावर अस्थिर होऊ शकते. धडक-चाचणीचा निकाल मागायचा. मागचा टायर पुढच्यापेक्षा वेगळ्या मापाचा असला तर तो कुठे मिळेल आणि स्टेपनी कोणत्या चाकाची दिली आहे, तेही विचारायचं.

आणि कंपनीची तब्येत पाहायची. इलेक्ट्रामेकॅनिका या कॅनडाच्या कंपनीची 'सोलो' ही एका आसनाची तीनचाकी चालता चालता शक्ती गमावू लागली, तेव्हा २०२३ मध्ये कंपनीनं विकलेल्या सगळ्या ४२९ गाड्या परत विकत घेतल्या. तिच्याकडे त्यासाठी पैसा होता. नव्या कंपनीकडून गाडी घेताना दुरुस्तीची, सुट्या भागांची आणि परताव्याची हमी कोण देतंय, आणि कंपनी उद्या बंद पडली तर ती हमी कोणाच्या नावावर राहते, हे करारात वाचून मगच आगाऊ रक्कम भरावी.